क्रियापदाचे लिंग आणि पात्राचे लिंग : मराठी नाटक-कादंबरीतील पारलिंगी पात्रांविषयी

मराठी कथनात एखादे पात्र अवतरले, की त्याच्याविषयीचे पहिलेच वाक्य त्याचे लिंग सांगून मोकळे होते. ‘दार लोटून तो आत आला’ किंवा ‘दार लोटून ती आत आली’ यांखेरीज निवेदकाजवळ फारसा पर्याय नसतो. इंग्रजीत ही निवड सर्वनामापुरती करावी लागते. क्रियापद तेथे तटस्थ राहते. संस्कृतात ‘गच्छति’ हे रूप पुरुष, स्त्री, वस्तू या तिघांनाही चालते. बंगालीत तर सर्वनामही लिंगभेद दाखवीत नाही. मराठीत मात्र सर्वनामाने, आकारान्त विशेषणाने आणि क्रियापदाने अशी तिन्ही ठिकाणी लिंगाची साक्ष द्यावी लागते. सर्वसामान्य पात्रांच्या बाबतीत ही गोष्ट इतकी सवयीची असते, की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु जन्मतः ठरविले गेलेले लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारे लिंग यांत ज्या पात्राच्या ठायी अंतर आहे, किंवा जे पात्र स्वतःला स्त्री व पुरुष या दोन्ही कोटींबाहेरचे मानते, त्याच्या संदर्भात हीच सवय एक वाङ्मयीन प्रश्न होऊन उभी राहते. अशा पात्राचे क्रियापद कोणी ठरवावयाचे? निवेदकाने, इतर पात्रांनी, की त्या पात्राने स्वतः?

मराठीतील पारलिंगी, वा त्यांच्या जवळपास येणाऱ्या, पात्रांचा विचार सामान्यतः विषयाच्या अंगाने केला जातो. लेखकाने सहानुभूती दाखविली की उपहास केला, वास्तव रेखाटले की रूढ साचा वापरला, असे प्रश्न त्यात पुढे असतात. ते गैरलागू नाहीत. पण सहानुभूती कोणत्या व्याकरणात व्यक्त झाली आहे, हे पाहिल्यावाचून तिचे खरे स्वरूप कळत नाही. मराठीतील अशा पुष्कळशा पात्रांना वाचकाची करुणा लाभली आहे. ती बहुधा पुल्लिंगी क्रियापदातून लाभली आहे, आणि याला कारण आहे.

प्रथम व्याकरणाची बाजू पाहावयास हवी. दादोबा पांडुरंगांच्या १८३६च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत मराठीची तीन लिंगे विद्यार्थ्यांना पाठ करविली गेली; मात्र ही लिंगे सर्वच वाक्यांत सारखी प्रकट होत नाहीत. अकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याचे लिंग उघड होते : मी आलो, मी आले, तू बसलास, तू बसलीस. सकर्मक क्रियापदाच्या कर्मणी प्रयोगात ते झाकले जाते. ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यातील ‘मी’ कोण, हे व्याकरण सांगत नाही. तेथे क्रियापद भाकरीच्या मागे जाते. ‘मी येईन’ या भविष्यकाळातही बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही, आणि ‘मी रोज देवळात जात असे’ या रीतिभूतकाळातही कळत नाही. ‘आम्ही आलो’ हे स्त्रिया आणि पुरुष दोघांचेही रूप आहे. समोरच्याला आदराने संबोधावयाचे म्हटले, तर ‘तुम्ही कधी आलात?’ या प्रश्नात लिंग उरत नाही. ‘तू कधी आलास?’ म्हटल्याबरोबर ते परत येते. म्हणजे द्वितीय पुरुषात तरी मराठी भाषा ज्याला मान देते त्याच्या लिंगाची चौकशी करीत नाही.

या सूटसवलतींमध्ये एक अपवाद विशेष लक्षणीय आहे. काही क्रियापदे कर्म घेऊनही भूतकाळात कर्तरी प्रयोगातच राहतात : बोलणे, म्हणणे, शिकणे, विसरणे, नेसणे इत्यादी. यांपैकी ‘म्हणणे’ आणि ‘नेसणे’ ही दोन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहेत. ‘मी सदरा घातला’ असे म्हणणाऱ्याचे लिंग वाक्यात लपते. ‘मी साडी नेसलो’ आणि ‘मी साडी नेसले’ यांत ते लपत नाही. ज्या कृतीने पात्राच्या लिंगाविषयी प्रश्न उत्पन्न होतो, त्याच कृतीचे क्रियापद त्याचे उत्तर मागते. ‘म्हणणे’ याची अडचण निराळी आहे. कथा-कादंबरीत प्रत्येक संवादापाठी ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ हे शेपूट लागते. पात्राने स्वतःविषयी काहीही सांगितले, तरी ते संपताच निवेदक आपला निर्णय त्याला जोडून देतो. नाटकात हे शेपूट नसते. रंगसूचनांत निवेदकाचे क्रियापद असते खरे, पण प्रेक्षकाला ते ऐकू येत नाही. लिंगाच्या बाबतीत अनिश्चित अशी मराठीतील दोन महत्त्वाची पात्रे कादंबरीत नव्हे, तर नाटकात का आढळतात, याचे एक कारण येथे असावे.

बोलीभाषांनी हे चित्र आणखी गुंतागुंतीचे केले आहे. कोल्हापूर भागात स्त्रियाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज बोलतात, आणि त्यावर पुण्याकडे विनोदही होतात. त्या बोलीत ‘आलो’ हे रूप बोलणाऱ्याचे पुरुषत्व सिद्ध करीत नाही. पुढे ज्या कलाकृतींचा विचार करावयाचा आहे, त्यांपैकी दोन याच परिसरातील आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

मराठी वाचकाच्या मनात या प्रकारच्या पात्रांचे जे पूर्वसंस्कार आहेत, ते बव्हंशी महाभारतातून आलेले आहेत. तेथे दोन भिन्न आख्याने आहेत आणि मराठीत ती पुष्कळदा एकमेकांत मिसळली जातात. विराटपर्वातील बृहन्नडा म्हणजे अर्जुनाचे अज्ञातवासातील रूप. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हे नाव ‘बृहन्नडा’ असेच आहे. लोकांच्या तोंडी ‘बृहन्नला’ अधिक आहे. बांगड्या, वेणी, नृत्यशिक्षण या सर्वांच्या तळाशी गांडीवधारी पुरुष शाबूत आहे याची श्रोत्याला खात्री असते. किंबहुना कथेची गोडी त्या खात्रीतच आहे. वर्ष संपते, शमीवृक्षावरची शस्त्रे खाली येतात आणि अर्जुन पुन्हा अर्जुन होतो.

उद्योगपर्वातील शिखंडीची कथा याच्या अगदी उलट आहे. द्रुपदाला कन्या होते, ती पुत्र म्हणून वाढविली जाते, दशार्ण देशाच्या राजकन्येशी तिचा विवाह होतो, सत्य उघडकीस येते आणि अरण्यात स्थूण नावाचा यक्ष आपले पुरुषत्व तिला देऊन तिचे स्त्रीत्व आपण घेतो. कुबेराच्या शापाने हा विनिमय शिखंडीच्या मृत्यूपर्यंत कायम राहतो. येथे वेष नाही, शरीरच बदलले आहे. आणि त्याच्याही मागे अंबेच्या पूर्वजन्मीचा संकल्प आहे. परंतु ही कथा दुर्योधनाला सांगतो कोण? भीष्म. ज्याला शिखंडीशी लढावयाचे नाही, त्याच्याच मुखातून शिखंडीचे चरित्र आपल्यापर्यंत येते. शिखंडी पूर्वी स्त्री होता, एवढ्याच गोष्टीवर भीष्माचा सारा युक्तिवाद उभा आहे. मराठीने हे आख्यान घेताना भीष्माचीच बाजू घेतली असे दिसते. ‘शिखंडीला पुढे करणे’ म्हणजे दुसऱ्याच्या आडून वार करणे. या वाक्प्रयोगात शिखंडी स्वतः काही करीत नाही, तो केवळ एक आडोसा आहे. अन्यायाचा सूड घेण्यासाठी दोन जन्म आणि दोन शरीरे ओलांडणाऱ्या पात्राचे भाषेत उरलेले हे अवशेष पाहिले, की वाङ्मयातील प्रतिमा किती एकांगी रीतीने रूढ होते हे कळते.

बृहन्नडेचा साचा आणि शिखंडीचा साचा असे दोन साचे मानले, तर आधुनिक मराठी कथात्म साहित्याने पहिला साचा अधिक जवळ केला, असे म्हणावे लागते. आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी याचे ठळक उदाहरण आहे. गुणा कागलकर हा शेतमजूर, अंगापिंडाने पहिलवानी. तमाशाचा फड उभा करताना नाच्याचे काम करावयास कोणी मिळत नाही, म्हणून ते तो स्वतः पत्करतो. त्यानंतर गाव, घर आणि शत्रू त्याच्याकडे ज्या नजरेने पाहू लागतात, तीत या कादंबरीची शोकात्मता आहे. २०१० साली रवी जाधव यांनी या कादंबरीवर चित्रपट केला आणि अतुल कुलकर्णी यांनी गुणाची भूमिका केली, तेव्हा पहिलवानाचा देह आणि नाच्याचा देह यांतील फरक हाच प्रेक्षकांच्या चर्चेचा विषय झाला. हे स्वाभाविक होते. गुणाविषयीची आपली सारी तळमळ ‘हा खरा पुरुष आहे, तरी लोक याला तसे समजत नाहीत’ या जाणिवेतून येते. पण मग प्रश्न असा उरतो, की नाच्याचे काम करणारा जो माणूस गुणासारखा ‘खरा पुरुष’ नसेल, ज्याला तो पदर आपला वाटत असेल, त्याचा अपमान हा अपमान नव्हे काय? कादंबरीची रचनाच अशी आहे, की हा प्रश्न तीत उद्भवत नाही. तो कादंबरीचा दोष मानण्याचे कारण नाही. कलेसाठी स्वतःची अप्रतिष्ठा सोसणारा कलावंत हा तिचा विषय आहे. मात्र पारलिंगी पात्राच्या चित्रणाचा नमुना म्हणून या कादंबरीचा जेव्हा उल्लेख होतो, तेव्हा हा भेद विसरला जातो.

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी यल्लम्मेला वाहिलेल्या जोगतिणी आणि जोगते यांचे जग मराठी वाचकासमोर आणले. राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर आधारलेला आहे. त्यातील तायप्पाला देवीच्या नावाने साडी नेसावी लागते. ती त्याची निवड नाही. समाजाने आणि श्रद्धेने मिळून त्याच्यावर लादलेले ते लिंग आहे. सुलीवर त्याचे प्रेम जडते आणि अखेर दोघेही हे बंधन झुगारू पाहतात. उपेंद्र लिमये यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तायप्पाची वेदना खरी आहे, आणि चित्रपटाने ती प्रामाणिकपणे मांडली आहे. तथापि येथेही मुक्ती म्हणजे साडी सोडणे होय. साडी नेसण्यातच ज्याला मुक्ती वाटते असा जोगता या कथेच्या कडेला उभा असणार, हे सौंदत्तीच्या यात्रेला गेलेल्या कोणालाही ठाऊक असते. पण कथेचा नायक होण्याचे भाग्य त्याला लाभलेले नाही. बृहन्नडेचा साचा असा दूरवर काम करतो.

सतीश आळेकर यांच्या ‘बेगम बर्वे’ (१९७९) या नाटकाने हा साचा मोडला. थिएटर अकॅडमीने ते रंगभूमीवर आणले आणि चंद्रकांत काळे यांनी बर्वे साकारला. या नाटकाच्या मागे मराठी रंगभूमीची एक मोठी परंपरा आहे. विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या ‘सीतास्वयंवरा’पासून स्त्रीभूमिका पुरुष करीत आले, आणि ‘मानापमाना’तील भामिनी, ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी, ‘एकच प्याला’तील सिंधू या भूमिकांतून बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) स्त्रीत्वाचा जो आदर्श उभा केला, तो घराघरांतील स्त्रियांनी अनुकरणासाठी घेतला. म्हणजे मराठी स्त्रीच्या साडीची आणि अंबाड्याची एके काळची फॅशन पुरुषदेहाने घालून दिलेली होती. या परंपरेत लिंगाची अदलाबदल सर्वमान्य होती. अट एकच होती, पडदा पडल्यावर नटाने पुरुष व्हावयाचे. बर्वेची कथा पडदा पडल्यानंतर सुरू होते. संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका करणारा हा नट, ती रंगभूमी मावळल्यावर श्यामराव या टांगेवाल्याच्या आश्रयाने, खरे तर त्याच्या कैदेत, उदबत्त्या विकून जगतो आहे. जुनी पदे त्याच्या ओठांवर आहेत. मोठी नायिका होणे त्याला कधीच जमले नाही. इकडे जावडेकर आणि बावडेकर हे दोन अविवाहित कारकून कचेरीतल्या नलावडेबाईंची स्वप्ने पाहत आहेत. या दोन स्वप्नांची सरमिसळ होते आणि बर्वे जावडेकराच्या घरात नलावडेबाई होऊन जातो. संसार थाटला जातो, दिवस राहतात, डोहाळजेवण होते.

या ठिकाणी थोडे थांबावयास हवे. ‘बर्वे नलावडेबाई होतो’ हे वरचे वाक्यच पाहावे. त्यातील ‘होतो’ हे रूप कोणाचे? जावडेकराच्या दृष्टीने तेथे पुल्लिंगाला जागाच नाही. बर्वेच्या दृष्टीने तरी आहे काय? नाटकाच्या नावातच हा तंटा आहे. ‘बेगम’ ही स्त्रीची आणि मुसलमानी इतमामाची उपाधी, ‘बर्वे’ हे चित्पावनी आडनाव. आडनावाला मराठीत लिंग नसते, म्हणून ते दोन्हीकडे चालते. समीक्षकाला मात्र बर्वेविषयी एक वाक्य लिहावयाचे, तरी बाजू घ्यावी लागते, आणि बहुतेक सर्व समीक्षेने, या लेखातील वरच्या वाक्यांसह, सवयीने पुल्लिंगाची बाजू घेतली आहे. नाटककाराला ती घ्यावी लागली नाही, कारण त्याला निवेदन करावयाचे नव्हते. बर्वेला बोलू देणे आणि गाऊ देणे एवढेच त्याने केले.

गुणा आणि तायप्पा यांच्याहून बर्वे वेगळा कशाने ठरतो? साडीखाली ‘खरा पुरुष’ आहे, असा दिलासा आळेकर प्रेक्षकाला देत नाहीत. श्यामराव येऊन हे स्वप्न विसकटतो, तेव्हा त्याखालून पुरुष बाहेर येत नाही. बाहेर येतो तो एक मार खाल्लेला, कोठेच जागा नसलेला जीव. बृहन्नडेला परतण्यासाठी अर्जुन होता. बर्वेला परतण्यासाठी काहीच नाही. डोहाळजेवणाचा प्रसंग हास्यास्पद आहे, तो तसा योजिलेलाच आहे आणि प्रेक्षक हसतोही. परंतु ते हसे पुढे त्याच्या घशात अडकते, कारण ज्या संसाराची येथे थट्टा चालली आहे, तो मिळविण्यासाठी नाटकातील तिघेही आसुसलेले आहेत. कारकुनांचे स्वप्न आणि बर्वेचे स्वप्न यांत खोटे-खरे असा भेद नाटककार करीत नाही. कारकुनांना नलावडेबाई मिळत नाहीत, बर्वेला नलावडेबाई होता येत नाही. बर्वेला ‘पारलिंगी’ हे आजचे नाव द्यावे काय, याविषयी मतभेद होऊ शकतात. १९७९ साली हा शब्द मराठीत नव्हता, आणि नाटककाराचा रोख एका संस्कृतीच्या अवशेषांवर, मध्यमवर्गाच्या वांझ स्वप्नरंजनावर होता, असे अनेकांनी दाखविले आहे. पण रूपक म्हणून उभे केलेले पात्र रूपकाहून मोठे होते, तेव्हा त्याला केवळ रूपकात कोंडून ठेवणे हीदेखील एक प्रकारची श्यामरावगिरीच होय.

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाची परिस्थिती निराळी आहे. महाविद्यालयात शिकणारी सुमित्रा नाटकात पुरुषाची भूमिका करते, तिच्यासमोर भूमिका करणाऱ्या नमाविषयी तिला ओढ वाटू लागते, आणि तिची ही कथा तिचा मित्र बापू प्रेक्षकांना सांगतो. म्हणजे नाटक असूनही येथे निवेदक आहे, आणि तो सहृदय आहे, दुबळा आहे, आणि तो मित्राला ‘ती’ म्हणतो. मित्रा ही स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहे. तिला मागाहून पारलिंगी ठरविणे हा तिच्यावर दुसरा अन्याय होईल, कारण स्त्रीने स्त्रीवर प्रेम केले की तिच्यात पुरुष शोधावयाचा ही खोड समाजाची आहे, आणि मित्राचा शेवट जो आत्मनाशात होतो त्याला तीच खोड कारण आहे. तरीही शीर्षकाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘सीता’चे ‘सीतेची’, ‘सुमित्रा’चे ‘सुमित्रेची’; त्याच न्यायाने ‘मित्रा’चे ‘मित्रेची’ व्हावयास हवे होते. आजच्या बोलण्यात स्त्रीनामे न बदलताही चालतात, हे खरे. पण ‘मित्राची’ हे रूप कानावर पडताच प्रथम आठवतो तो ‘मित्र’ हा पुल्लिंगी शब्द. हाक मारतानाही ‘मित्रा!’ म्हणजे सखी की सखा, हे सांगता येत नाही. बापूचे निवेदन सगळीकडे स्त्रीलिंगी राहते आणि तेवढे एक नाव मात्र दोन लिंगांच्या उंबऱ्यावर उभे राहते.

येथे एक शंका साहजिक आहे. मराठीला तिसरे लिंग उपलब्ध असताना एवढी ओढाताण कशासाठी? हिंदी-उर्दूला दोनच लिंगे आहेत. अरुंधती रॉय यांच्या २०१७ सालच्या ‘द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस’ या इंग्रजी कादंबरीत अंजूमची आई आपल्या नवजात अपत्याकडे पाहून नेमक्या याच गोष्टीने हादरते : तिला येणाऱ्या एकमेव भाषेत प्रत्येक वस्तू स्त्रीलिंगी किंवा पुल्लिंगी आहे, मग या मुलाला राहावयाला भाषेत जागा कोठे? मराठी आईला ही अडचण वरवर पाहता येऊ नये. तिचे ‘ते मूल’, ‘ते लेकरू’ आधीच नपुंसकलिंगी आहे. पण ही सोय लेकरू लहान आहे तोवरचीच आहे. मराठीतील नपुंसकलिंग ‘स्त्रीही नव्हे, पुरुषही नव्हे’ हा अर्थ सहसा देत नाही. ते लहानपण, जिव्हाळा, कीव किंवा तुच्छता यांचे लिंग आहे. ‘पोरगं’, ‘बिचारं’, ‘येडं’ ही रूपे पाहावीत. मालवणीत व कोकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगी आहे आणि तरुण मुलीला ‘तें’ म्हणतात. तेथे तिच्या स्त्रीत्वाविषयी कोणाला संशय नसतो, तिच्या वयाविषयी मात्र बोलणाऱ्याची एक भूमिका असते. उलट ‘हिजडा’ या शब्दाचे ‘हिजडं’ केले, की माणसाची वस्तू होते. व्याकरणातील संज्ञेनेही काम अवघड केले आहे. ‘नपुंसक’ हा शब्द शिवी म्हणून प्रचारात असताना त्या नावाच्या लिंगात स्वखुशीने कोण राहावयास जाईल?

भाषांतरकाराला ही कोंडी अधिक स्पष्टपणे जाणवते. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘ऑर्लँडो’त (१९२८) नायक झोपेतून स्त्री होऊन उठतो आणि निवेदक रूढीखातर यापुढे सर्वनाम बदलत असल्याचे सांगून पुढे जातो; मराठीत हे तितक्या सहजतेने करता येते, किंबहुना अधिक ठसठशीतपणे, कारण सर्वनामाबरोबर सगळी क्रियापदे फिरतात. पण जेनेट विंटरसन यांच्या ‘रिटन ऑन द बॉडी’त (१९९२) प्रेमकथा सांगणारा ‘मी’ स्त्री की पुरुष हे अखेरपर्यंत कळत नाही. आन गारेता यांनी फ्रेंचसारख्या लिंगभेदी भाषेत ‘स्फिंक्स’ (१९८६) लिहिताना हीच गोष्ट कष्टाने साधली. मराठीत ती साधावयाची, तर तो ‘मी’ येऊ शकणार नाही, बसू शकणार नाही, म्हणू शकणार नाही. त्याने फक्त पाहिले, ऐकले, लिहिले, सोसले असे म्हणता येईल, किंवा सारी कथा भविष्यकाळात आणि रीतिभूतकाळात सरकवावी लागेल. हे अशक्य नाही. मराठीत असा प्रयत्न झाला, तर कर्मणी प्रयोगाकडे वाचक नव्या दृष्टीने पाहतील. आणखी एक सापळा आहे. इंग्रजीत स्वतःला दोन्ही लिंगांबाहेर मानणाऱ्या पात्रासाठी एकवचनी अर्थाने वापरले जाणारे अनेकवचनी सर्वनाम मराठीत ‘ते’ असे आणले, की ‘ते आले’ या वाक्यातून कोणी आदरणीय पुरुष आल्याचा बोध होतो. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही रूपे मात्र निर्दोष आहेत. ‘त्यांनी आरसा पुसला. त्यांना उशीर झाला होता. त्यांच्या कपाळावर कुंकू होते.’ या तीन वाक्यांत कोणाच्याही लिंगाचा निवाडा होत नाही. चौथ्या वाक्यात ते पात्र उठून दाराकडे जाऊ लागले, की लेखक अडतो.

एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी क्रियापद पुरुषाने वापरणे मराठी कानाला अनोळखी नाही. तुकोबांच्या विराण्या, एकनाथांचा जोगवा यांतील बोलणारी स्त्री आहे आणि रचणारा पुरुष. वारकऱ्याला यात कधी विसंगती वाटली नाही. भक्तीच्या क्षेत्रात जी मुभा भाषेने दिली, ती लौकिक जीवनातील पात्राला देताना मात्र ती संकोचली. ‘मी आले’ हे दोन शब्द पुरुष समजल्या गेलेल्या पात्राने घरात उच्चारावेत आणि घराने ते ऐकून घ्यावेत, असा प्रसंग मराठी कादंबरीत सहसा भेटत नाही. इंग्रजी कादंबरीतील पात्राला हे सांगण्यासाठी एक परिच्छेद लागेल. मराठी पात्राला एक मात्रा पुरते, आणि तरीही, किंवा म्हणूनच, ती उच्चारणे कठीण असते.

ही मात्रा मराठीत ठळकपणे आली ती कथेतून नव्हे, आत्मकथनातून. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन २०१२ साली, वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून, प्रसिद्ध झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे लिंग स्वतः ठरविण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला, आणि वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांना ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांचा निर्णय रोजच्या बातमीत घ्यावा लागू लागला. दिशा पिंकी शेख यांची कविताही या दशकातच वाचकांपुढे आली. कथा-कादंबरी या बाबतीत मागे आहे, याचे कारण केवळ लेखकांची उदासीनता नव्हे. आत्मकथनातील आणि कवितेतील ‘मी’ला स्वतःचे क्रियापद स्वतः निवडता येते, कादंबरीतील ‘तो’ आणि ‘ती’ यांना ते निवेदकाकडून घ्यावे लागते. या दृष्टीने त्रिपाठी यांच्या पुस्तकाचे शीर्षक पाहण्यासारखे आहे. ‘हिजडा’ हे आकारान्त पुल्लिंगी नाम, ‘लक्ष्मी’ हे स्त्रीलिंगी नाम. दोन्हींच्या आधी ‘मी’ आहे आणि दोन्हींच्या मधे फक्त टिंबे आहेत. शीर्षकात क्रियापद नाही.